टेबलाखालचे चार सेकंद

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संशयास्पद! आमची चारू संशयास्पद! सकाळी साडेसहाला मेल आला तेव्हापासून डोकं ठणकतंय. जयेशचा डबा करता करता वाचला आणि भाजीत दोनदा मीठ पडलं. खाऊ दे नवऱ्याला कावासाकीच्या ऑफिसात बसून खारट भेंडी.

मेल अमेरिकेतल्या त्या विद्यापीठाचा. चारू गेली दोन वर्षं घरी बसून त्यांचे कोर्स करते आहे, कॉलेजची क्रेडिट आधीच मिळवून ठेवते आहे. एक तारखेला तिने स्टॅटिस्टिक्सचा पेपर दिला. वॉर्डाच्या सभागृहातली छोटी खोली तासावर घेतली होती, समोर कॅमेरा, शेजारी पर्यवेक्षिका म्हणून सुप्रभाताई. सगळं नियमाप्रमाणे. आता त्यांच्यापैकी कुणीतरी ते रेकॉर्डिंग तपासलंय. आणि त्या कुणालातरी काय दिसलं?

'ओळखपत्र तपासून झाल्यावर पर्यवेक्षिकेने डब्यातला एक पांढरा पदार्थ उमेदवाराच्या तळहातावर ठेवला. ती काहीतरी पुटपुटली. त्यानंतर उमेदवार टेबलाखाली वाकली व चार सेकंद कॅमेऱ्यात दिसली नाही.'

अहो, दही-साखर! पांढरा पदार्थ म्हणे! आणि टेबलाखाली काय करत होती, तर सुप्रभाताईंच्या पाया पडत होती. पेपरला बसताना मोठ्यांच्या पाया नाही पडायचं तर काय हात हलवून बाय करायचं?

नुसता हा पेपर रोखला असता तर एक वेळ समजू शकले असते. आधीच्या पाच विषयांची पंधरा क्रेडिटसुद्धा चौकशी होईपर्यंत अडकवून ठेवलीत. चौदा मार्चला कॅनडाच्या युनिव्हर्सिटीचे अर्ज बंद होतात. अठरा क्रेडिट दाखवली की ते शाळेचा दाखला मागत नाहीत, सप्टेंबरमध्ये घेतात. आणि आमच्याकडे दाखला नाहीच. सोळा वर्षांची मुलगी, चार वर्षं आईजवळ शिकलेली, जगाला दाखवायला एवढा एकच कागद. तोच दाबून बसलेत.

१९ फेब्रुवारी

चारूला विचारलं, तुला राग नाही येत? "बेत्सुनी." जपानीत, म्हणजे काही विशेष नाही! इकडे माझं रक्त आटतंय आणि ही कानाला हेडफोन लावून केळं खाते आहे. क्योतोच्या शाळेने हिला सहा वर्षांत दुसरं काय शिकवलं देव जाणे, हा एक शब्द मात्र पक्का शिकवला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी सुप्रभाताई येऊन गेल्या. रडवेल्या झाल्या होत्या. त्या इथल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवतात. विद्यापीठाची अट अशी की पर्यवेक्षक शिक्षक हवा आणि नातेवाईक नको. म्हणून तर त्यांना विचारलं. मंजुरीचं पत्रही आलं होतं त्यांच्या नावाने.

"अगं, वीस वर्षं पेपरवर उभी राहतेय मी. एका मुलाशी बोलत नाही. पण आपली चारू म्हटल्यावर..."

हेच! हे आपली-आपली करणंच भोवलं. मी म्हटलं, "तुम्हाला समोरचा कॅमेरा दिसत नव्हता का?" फार वाईट स्वरात म्हटलं. त्यांनी चहा अर्धा ठेवला. पुटपुटल्या होत्या ते काय, तेही सांगितलं — "घाई करू नको, सावकाश सोडव." एवढंच. मग पर्समधून माझा छोटा स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवला आणि गेल्या. घासून, पुसून आणला होता.

डबा मी दिला होता. रुमालात बांधून, वर चमचा खोचून. चारू नको नको म्हणत होती, आई प्लीज, इट्स एम्बॅरसिंग. मीच सुप्रभाताईंना फोन करून बजावलं, की पेपर सुरू व्हायच्या आत नक्की द्या हं. हे इथे लिहिते आहे. बाहेर कुणाला सांगणार नाही. आणि तरीसुद्धा चूक त्या विद्यापीठाचीच आहे!

२२ फेब्रुवारी, शनिवार

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जायलाच नको होतं. मंडळातल्या कल्पनाने गाठलंच. कुणी सांगितलं कुणास ठाऊक, तिला सगळं ठाऊक. "अगं, ऐकलं ते खरं का? कॉपीची केस झाली म्हणे?" हातात बटाटेवडा, चेहऱ्यावर एवढी काळजी की काय सांगावं. आणि पुढे, "म्हणून म्हणते, शाळा ती शाळाच. तू किती हुशार असलीस तरी तू एकटी किती पुरणार?"

एकटी किती पुरणार! पुण्यात नऊ वर्षं ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलंय मी. जयेशची बदली आली म्हणून सोडलं. हिची स्वतःची मुलं तीन-तीन शिकवण्या लावून पास होतात.

क्योतोहून इथे एदोगावात आलो तेव्हाचं कुणाला आठवतंय? चारू बारा वर्षांची. भारतीय शाळेत घातली. हिंदी येत नाही, इंग्रजी अडखळत, मराठी घरापुरतं. वर्गातली मुलं हसायची. तीन महिन्यांत पोरीचा आवाज बंद झाला. घरीसुद्धा मान हलवून उत्तर द्यायची. तेव्हा कल्पना कुठे होती वडा घेऊन? मी शाळेतून काढली, टेबलाशी बसवली आणि बोलती केली. आज ती कॉलेजचे विषय करते. इंग्रजी लिहिताना अजून अडते, पण आधीच्या पाचही विषयांना परीक्षा नव्हती, नुसते निबंध होते; ते पाठवायच्या आधी मी बघून देते. वाक्यं सरळ करते, शेवट जमला नसला तर जमवून देते. कुठली आई हे करत नाही?

वडा न खाता घरी आले. आता भूक लागली आहे.

२४ फेब्रुवारी

कचरेवाल्यांनी आमची पिशवी लाल स्टिकर लावून तशीच ठेवली. जळणाऱ्या कचऱ्यात प्लास्टिक सापडलं म्हणे. या देशात, त्या देशात, सगळीकडे माझीच तपासणी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

जयेशशी कडाक्याचं भांडण. त्याने आल्या आल्या मोजे काढत विचारलं, "नेत्रा, आपण शांतपणे रूट कॉज बघू या का?" रूट कॉज! मी काय त्याच्या ऑफिसातला बंद पडलेला सर्व्हर आहे?

"एस्केलेट करू नको," म्हणतो. "ती जपानी समकक्षता परीक्षा असते ना, शाळेच्या दाखल्याऐवजी चालणारी, ऑगस्टमध्ये, ती देऊ दे तिला. एक वर्ष गेलं तर गेलं." किती सहज म्हणाला. त्याचं काय जातं? तो सात अठराच्या गाडीने जातो, दिवसभर जपानी साहेबांना सान-सान करत परत येतो. चार वर्षं टेबलाच्या या बाजूला मी बसले आहे. जीवशास्त्र पुन्हा शिकले मी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी! चारूचं वर्ष गेलं की माझी चारही गेली, हे त्याला कळत नाही. कळत असेल तर बोलत नाही, ते अधिकच वाईट.

शेवटी म्हणाला, "चारूला काय हवंय ते विचारलंस?"

तिला काय हवं असणार? तिला तिची क्रेडिट हवीत.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

विद्यापीठाला द्यायचं स्पष्टीकरण आज पूर्ण केलं. चारूच्या नावाने, तीन पानी. परीक्षेआधी दही-साखर का देतात, नमस्कार म्हणजे काय, गुरूचा मान, सगळं मुद्देसूद. एका अक्षराला कुणी बोट लावू शकणार नाही असं पत्र झालं. नऊ वर्षांच्या नोकरीत इतकं चांगलं इंग्रजी लिहिलं नसेल मी.

चारूने उभ्या उभ्या वाचलं. "हे मी नाही लिहिलेलं."

म्हटलं, "मग? खाली सही कर फक्त."

"तू लिहिलंस ना, तूच कर सही."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि मग जपानीत काहीतरी म्हणाली, भरभर, मला कळू नये अशा वेगात. खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

ज्या मुलीसाठी जगाशी भांडते आहे तीच माझ्याशी असं वागते. संताप होतोय नुसता. पत्र तसंच टेबलावर आहे, सहीशिवाय.

२८ फेब्रुवारी

पत्राच्या जागी सकाळी दुसरा कागद होता. तिने स्वतःच त्यांना मेल केला. पाच ओळी. 'ते दही होतं. मी तिच्या पायांना हात लावला, आमच्याकडे तसं करतात. ती माझी नातेवाईक नाही. तुम्ही प्रश्न विचारू शकता. मी उत्तर देईन.'

पाच ओळी! माझी तीन पानं केराच्या टोपलीत. जळणाऱ्या कचऱ्यात, म्हणजे निदान तेवढं तरी बरोबर झालं.

४ मार्च, मंगळवार

आज सकाळी सात वाजता त्यांनी व्हिडिओवर बोलावलं. एकटीला. आणि चारू मला म्हणाली, "आई, तू घरात नको थांबूस." माझ्याच घरातून मला बाहेर!

कोनबिनीत, कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, जाऊन उभी राहिले. कॉफी घेतली, ती गार झाली. काउंटरवरची मुलगी चारूएवढीच असेल, पार्टटाइम करणारी. एकीकडे गिऱ्हाइकाचा डबा गरम करत होती, एकीकडे पार्सलवर शिक्का मारत होती, कुणाला काही न विचारता. मला तिचासुद्धा राग आला. का, ते सांगता येणार नाही.

चाळीस मिनिटांनी परत आले. चारू टोस्टला लोणी लावत होती. काय विचारलं? "स्टॅट्सचेच प्रश्न. पेपरमधले तीन पुन्हा सोडवायला लावले. बोलून दाखव म्हणाले."

आणि?

"सोडवले की."

स्टॅटिस्टिक्स मला ओ की ठो येत नाही. त्या विषयाला मी हातच लावला नव्हता. आता वाटतं शिकून घ्यायला हवं होतं. नीट तयारी करून घेतली असती तर आज एवढी धाकधूक झाली नसती.

५ मार्च

काही नाही. मेल चौदा वेळा उघडून बघितला.

७ मार्च, शुक्रवार

सुटलं! 'स्पष्टीकरण समाधानकारक वाटले. विद्यार्थिनीचे विषयावरील प्रभुत्व स्पष्ट दिसले. निकाल व आधीची सर्व क्रेडिट पूर्ववत करण्यात येत आहेत.' शंभरात एक्क्याण्णव! अठरा क्रेडिट पूर्ण! आणि झाल्या प्रकाराबद्दल काय, तर 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' गैरसोय! अडीच आठवडे माझी झोप उडवली ती गैरसोय. त्यांना एक खरमरीत मेल लिहिणार आहे, पण अर्ज पाठवून झाल्यावर.

कल्पनाला मुद्दाम फोन केला. "हो गं, निर्दोष. त्यांनी माफी मागितली." थोडं वाढवून सांगितलं, सांगितलं तर सांगितलं.

सुप्रभाताईंकडे स्वतः गेले, बासुंदी घेऊन. त्या दिवशी चुकलं माझं, असं म्हटलं. डबा मी दिला होता आणि बोलणी तुम्हाला बसली, असंही म्हटलं. त्यांनी पुन्हा रडून घेतलं. मग दोघी हसलो. जयेश ऑफिसातून केक घेऊन आला. छोटासा, त्यावर लिंबाएवढी एक स्ट्रॉबेरी. सगळे खूश.

चारूने केकचा अर्धा तुकडा ठेवला. तिला म्हटलं, आता तरी हस की बाई. हसली, पण कसं तर फोटो काढताना हसतात तसं. रविवारी बसून कॅनडाचा अर्ज भरून टाकायचा. निबंध दोन आहेत. एक माझ्या डोक्यात तयारच आहे.

९ मार्च, रविवार

अर्ज भरायला बसले तर चारूने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. विद्यापीठाला लिहिलेलं पत्र. अजून पाठवलेलं नाही. 'पाच विषयांचे निबंध माझ्या आईने लिहिले. ती पंधरा क्रेडिट काढून टाका. मी पाचही विषयांची परीक्षा खोलीत बसून देईन. स्टॅटिस्टिक्स ठेवा.'

"आई, त्यांनी संशय घेतला ना, तो एकच पेपर माझा होता."

'लिहिले' या शब्दावरून भांडणार होते. लिहिले नाहीत, दुरुस्त केले, असं म्हणायला तोंड उघडलं. पण समाजशास्त्राच्या निबंधातलं तिचं एक वाक्य आठवेना. एकसुद्धा नाही.

कॅनडाचा सप्टेंबर गेला.

पत्रात तीन चुका आहेत. पहिल्याच वाचनात दिसल्या. बोलले नाही. पाठव, म्हटलं.