पुसलेला गोल

प्रिय हातोडीबहाद्दर नातवा,

मी सांगतेय आणि तुझी बायको लिहून घेतेय, तेव्हा अक्षराचं कौतुक मला नको. माझे गुडघे गेले, दात गेले, जीभ तेवढी शाबूत आहे.

तुझ्या सासूला जाऊन महिना होत आला. चाळीतल्या तिच्या खोलीतला, माझ्या शेजारचाच, उरलासुरला ढिगारा काल मजुरांनी उपसला. स्लॅबच्या सळया गंजून फुगलेल्या, हात लावला की पापुद्रे सुटत होते. बिचारी शिवणयंत्रावर वाकलेली असतानाच स्लॅब खाली आला. तू सगळ्यांना सांगितलंस, चाळीच्या तपासणीच्या दिवशी खोलीला कुलूप होतं म्हणून तेवढंच छत तपासायचं राहिलं. तेव्हापासून ही तुझी बायको स्वतःलाच बोल लावते, की त्या दिवशी आईला बाजारात मीच नेलं. जेवायला बसली तरी तेच.

काय ऐटीत तपासायचास रे तू! छत ठोकायचं, कान द्यायचा, भरीव वाजलं की पुढे, पोकळ वाजलं की खडूने गोल. मी मागे मागे, शेजारणींना सांगत, नातू डॉक्टर आहे, छतांचा. माझ्या खोलीत गोलच गोल निघाले, लगेच टेकू लागले, म्हणून तर बडबडायला उरलेय.

कुलूप होतंच. पण बाजारात जाताना तुझी सासू किल्ली माझ्याकडे ठेवून गेली होती आणि दार मीच उघडून दिलं. शिवणयंत्राच्या वर तू ठोकलंस, ते पोकळ वाजलं, माझ्या बहिऱ्या कानालाही कळलं. भलामोठा गोल काढलास. शिडीवर जरा थांबलास आणि रुमालाने पुसून टाकलास. मी विचारलं तर म्हणालास, "आजी, इथे टेकूने भागणार नाही, आणि ही खोली रिकामी करायला लावली तर सासू माझ्या घरी राहायला येईल. पुढच्या वर्षी बघू." मी हसले. तेव्हा तो विनोद होता.

मघाशी हिचा हात थांबला. मला वाचता येत नाही, पण थांबलेला हात दिसतो. तुझं ते वाक्य तिने माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि मग लिहिलं.

रविवारी हिला न्यायला येतोयस ना? बॅग भरून तयार होती. हे पत्र तुझ्यासाठी नाहीच, तुला यातलं सगळं ठाऊक आहे. तू स्वतः सांगशील म्हणून महिनाभर वाट पाहिली. नुसतं तोंडी सांगितलं असतं तर ही म्हणाली असती, म्हातारीला भ्रम झालाय. म्हणून तिच्याच हाताने लिहवून घेतलं. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये. दार तीच उघडणार आहे.

तुझीच, अजून तरी,
आजी