मक्याची मुळं आणि ताई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. त्यात नेहमीप्रमाणे तुझं तेच, "इकडे सगळं ठीक, बाबा बरे, तू जेवत जा." अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा पारा चढलेला असतो, ताटं भिरकावतात, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं?

इकडे प्रयोगशाळेत मी माती खाल्ली. हवा नसलेल्या पाण्यात मक्याची रोपं कशी तग धरतात, ते बघायचं होतं. मी घाईघाईत ती थेट बुडवली आणि सगळी गेली. मॅडम म्हणाल्या, आधी रात्रभर थोडी कमी हवा द्यायची असते. तशी दिली, तर दुसरी खेप जगली.

काय चिवट जीव आहे गं हा! पेशीत एक पिशवी असते, आंबटपणा तिच्यात कोंडलेला. लिंबाचा आंबटपणा तिथलाच. पेशीची कामं जिथे चालतात, तिथे तो जवळजवळ नसतोच. पण आम्ल पिशवीत ढकलत राहायला ताकद लागते. हवा तुटली की ताकद संपते, कामाच्या जागीच आम्ल साठतं आणि पेशी मरते. ज्या मुळांना आधी चाहूल लागते, ती मात्र आम्ल मुळाबाहेर टाकायला शिकतात. जिवंत पेशी हिरव्या दाखवणारा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली ती हिरवीगार चमकताना पाहिली आणि तू आठवलीस. घरातली ती पिशवी तूच. मला तुझं फार कौतुक वाटतं, आणि आता भीतीही वाटते. थोडं माझ्याकडे टाक की.

बाबांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
ढब्बू

१५ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

मला पिशवी म्हणणारी तू पहिलीच. लहानपणी कुंडीतलं एक रोप धड जगवलं नाहीस आणि आता मक्याची डॉक्टरीण झालीस. मला मनापासून अभिमान वाटतो, पण डोक्यावर बसू नकोस.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं, पिशवीचा भाग गाळून. मध्येच त्यांनी पेला भिरकावला. एरवी मी मुकाट पुसून घेते. त्या दिवशी मी ओरडले, "बाबा, मी दमलेय." आणि तिथेच बसून रडले. तर बाबा चालत्या हातानं फडकं ओढून स्वतःच टेबल पुसायला लागले. निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं. रडता रडता मला हसू फुटलं.

तर इकडे सगळं ठीक नाही. पाठ धरली आहे, शिवणकाम पडून आहे, आणि मला एकटीला आता झेपत नाही. रजा मिळते का बघ. मक्याला पाणी घालून ये.

लोभावर तुझा हक्कच आहे, तो मागायचा नसतो.

तुझी
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रोपं मॅडम सांभाळणार आहेत. शनिवारी पोचते, महिनाभरासाठी. इतकं सुंदर पत्र तू मला आजवर लिहिलं नव्हतंस.

बाबांना सांग, एक फडकं माझ्यासाठीही काढून ठेवा.

तुझीच
ढब्बू