दोन टामी आणि हिचं वजन

२० सप्टें.
लोहाऱ्याहून येताना गाडीचं पुढचं चाक बसलं. बायको मागं. उन्हात ढकलत आणली, मी हँडल धरून, ती मागून रेटत. मी पाणी पितो तोवर हिनं पुण्याला पोराला, महेशला, फोनवर सगळं सांगूनही टाकलं. तो म्हणतो, दसऱ्याला येतो, गाडी विकून टाकू. "रस्त्यात अडकलात तर कोण हाय तिथं?"
म्हणालो, चाक मला खोलता आलं तर? हसला. "तुमच्यानं व्हायचं न्हाय, आप्पा. करून दाखवा, मग बघू."
गाडी गेली तर शेत, दवाखाना, सास्तूरला हिची बहीण, सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर. जेवण गेलं नाही.

२२ सप्टें.
रशीदभाईच्या पंक्चरच्या दुकानात बसून राहिलो. "आप्पा, अब मेरा धंदा बिठाते क्या?" म्हणाला, पण दाखवलं सगळं. आधी हवा सोडायची. टायरच्या कडेला साबणाचं पाणी. मग टामी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी. दोन लागतात. दुकानातली वाकते, लोहाराकडून जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या करून घ्या म्हणाला.

२५ सप्टें.
टामी आल्या. वजनदार. टोकं मात्र धारेची. ट्यूब कापली तर? कानशीनं घासली, बोट फिरवलं, परत घासली. पंपाचा वायसर बदलला. नट हरवतील ही एक काळजी. हिनं वाटी दिली.

२८ सप्टें.
टायर निघालं, चढेना. जोर केला. टामीखाली नवी ट्यूब चिमटली, फुस्स.
रशीदभाई म्हणाला, "जोर कशाला? समोरची कड रिमच्या खोलात गुडघ्यानं दाबून धरा, इकडची आपोआप ढिली होती."
गुडघ्यानं. माझे गुडघे तर...

३ ऑक्टो. घट बसले.
अंगणात चाक आडवं घातलेलं. इकडं टामी लावली की तिकडची कड गुडघ्याखालून निसटते. ही ओसरीवर भगर निवडत बघत होती. उठली, पदर खोचला आणि सरळ चाकावर येऊन बसली. "हं, करा आता."
टामी घातली. टायर गप आत गेलं. कसला जोर नाही, काही नाही. दोघं बघत राहिलो.
"जन्मभर माझ्या वजनाला नावं ठेवली तुम्ही."
नंतर व्हॉल्व्ह नीट बसला का ते परत जाऊन बघितलं. बसला होता. आज मला लई बरं वाटलं.

११ ऑक्टो. खंडेनवमी.
हत्यारं धुऊन घटापुढं मांडली. विळा, खुरपी, कुऱ्हाड. सगळ्यांच्या पुढं टामी, पाना, पंप. हळदकुंकू, झेंडू. विळ्यापेक्षा टामीच ऐटीत दिसत होत्या.
महेशला आणायला फाट्यावर निघालो तर पुढचं चाक बसलेलं. आजच. माझा हात टामीकडं गेला.
ही म्हणाली, "आज उचलायच्या न्हाईत. देवापुढं हायत."
"पोरगा येतोय."
"येऊ दे. हत्यार उद्याच हलंल."
महेश जीपनं आला. दारात गाडी बघितली. "बघा. म्हणूनच म्हणतो." गावातल्या एकाशी बोलूनही ठेवलंय त्यानं. परवा तो गाडी बघायला येणार. टामी डोळ्यांसमोर, आणि मी हात बांधून. दिवस सरता सरेना.

१२ ऑक्टो. दसरा.
पूजा उतरली तसा चाकाला लागलो. महेश ओसरीवर उभा. टायरच्या आतून बोटं फिरवली, बाभळीचा काटा सापडला. तो आधी काढला, नाहीतर परत तेच. ट्यूब घासली, ठिगळ लावलं, वाळू दिलं. मग ही येऊन बसली.
महेश पुढं आला. "आई, ऊठ. मी दाबतो."
"तू सर. तुझं काय वजन हाय?"
तो सरला. टायर चढलं. पंप मीच मारला, दम खात खात. वाटीत एकही नट उरला नाही.
सोनं द्यायला सास्तूरला गेलो, ही मागं. बहिणीचा चहा यायच्या आधीच हिनं सांगितलं, "चाक आमी खोललं. दोघांनी." बहिणीचा मालक दोनदा उठून चाक बघून आला. मी आपला खाली मान घालून बसलो, पण ऐकत होतो.
परत आल्यावर महेशनं अंगठ्यानं टायर दाबलं. "सकाळपर्यंत हवा राहती का बघू." बास, एवढंच. त्या माणसाला नको म्हणून कळवलं का, विचारायचा धीर झाला नाही.
दिवेलागणीला परत बघायला निघालो, तर महेश आधीच चाकापाशी उकिडवा बसलेला. बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हवर धरली होती, बुडबुडा येतो का बघत. दारातून मला बुडबुडा दिसला नाही. तो मात्र उठेना.
ही आतून म्हणाली, "आत या. बघत बसल्यानं हवा राहती व्हय?"