मळीची वाट

२ जानेवारी, गुरुवार

मळीच्या वाटेनं गेले. एकटी. गुरुवार माझा, हे आता नदीलाही ठाऊक झालं असेल!

गणपती घाटावरून निघायचं, पूल ओलांडायचा, डांबरी धरायची. वाडीतल्या मारुतीपाशी सगळं जग उजवीकडं वळतं, मी डावीकडं. वाडीची आळी संपली की ओढ्याच्या कडेकडेनं खाली मळीत, नदीकाठच्या गाळाच्या रानात, उतरायचं. एका हाताला कृष्णा, दुसऱ्या हाताला ऊस, मधे जेमतेम एका माणसापुरती गवताची पट्टी. पुढं वरच्या पुलापाशी पुन्हा डांबरी. ऊस तुटलाय आता, त्यामुळं लांबवर दिसतं. पाण्यावर धुकं, त्यातून बगळे निघतात. पाय आपोआप पळतात. लोक बांध कोरून कोरून एकेक सरी वाढवतात, पण ही पट्टी कुणी नांगरत नाही. विसरले असतील. बरंच आहे.

ती शेळीवाली म्हातारी आजही होती. तिनं हात वर केला, मी हात वर केला. कित्येक वर्षांची एवढीच ओळख.

आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपातल्या कुणाला ही वाट दाखवलेली नाही. दाखवणारही नाही. एक तरी गोष्ट आपली असावी की माणसाची!

५ जानेवारी, रविवार

पसरणीचा घाट. राजनंदिनी पुन्हा सगळ्यांच्या पुढं.

मी मधल्या वळणावर धापा टाकतेय, आणि ही बया वर जाऊन परत खाली येते — मला न्यायला! "ताई, चला की, थोडंच ऱ्हायलंय!" थोडंच म्हणे. मनात आलं, इथंच कठड्यावर बसावं आणि म्हणावं, जा बाई तू.

दिवाळीनंतर आली ही ग्रुपात. नवरा शिवतेज सैन्यात, ही लेकीच्या शाळेसाठी वाईत खोली घेऊन राहते. सासर नदीपलीकडं कुठंतरी, ऊसवाले. पहिल्या दिवशी बुटाची नाडी सारखी सुटायची तिची, मी खाली बसून गाठ शिकवली. मी! तेव्हा म्हणाली होती, "ताई, मी तुमास्नी लय दिवस वळकते." म्हटलं, मी शिकवते त्या शाळेत पाहिलं असेल. हिच्यासारख्या दहा जणी रोज तसं म्हणतात.

खाली आल्यावर नानासो — रिटायर हवालदार, ग्रुपचे सर्वेसर्वा — सगळ्यांसमोर म्हणाले, "आशी पळनारी पोरगी आपल्या भागात न्हाई बगितली गड्या!" हेच वाक्य ते माझ्याबद्दल म्हणायचे. 'पोरगी'च्या जागी 'मॅडम' असायचं, एवढाच फरक.

जळते मी. घ्या, लिहून टाकलं.

८ जानेवारी, बुधवार

नानासोंच्या ओट्यावर मीटिंग. खोऱ्यातली आपली दौड एकोणीस तारखेला. दरवर्षी रस्ता मी आखते. कुठं चढ, कुठं सावली, कुठं कुत्री — सगळं माझ्या डोक्यात. मी नकाशा घेऊनच गेले होते.

नानासो चहा ढवळत म्हणाले, "मॅडम, औंदा राजनंदिनीला करू द्या रस्ता. तुमी लय वर्सं केलं. नवीन रक्त येऊ द्या."

"हो, का नाही!" मी म्हणाले. हसून. नकाशा पर्समधून बाहेर काढलाच नाही.

घरी येऊन भांडी घासली. नवरोबा अनंत पेपरामागून म्हणाला, "त्या कढईनं काय घोडं मारलंय तुझं?" याला सगळं गमतीत घालवायची सवय! वर म्हणतो, "छान पळते म्हणे ती पोरगी." याला कुणी सांगितलं?

११ जानेवारी, शनिवार

राजनंदिनीनं रस्ता दाखवला. डांबरी, मारुती, उजवीकडं, पुन्हा डांबरी, वरचा पूल, परत. संपलं! नदीच्या खोऱ्यातली दौड, आणि नदी फक्त पुलावरून दिसणार!

नानासोच म्हणाले, "आगं, नदीकडनं काय वाट न्हाई का?"

"न्हाई काका," ती म्हणाली. चपलेच्या अंगठ्याकडं बघत. "तिकडनं वाटच न्हाई."

मला इतकं बरं वाटलं! नदीपलीकडची सून, आणि हिला मळीची वाट माहीत नाही. पळते जोरात, पण डोळे मिटून. आज जेवण गोड लागलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. राजनंदिनीच्या खोलीवर हळदीकुंकू. दाटीवाटीनं बसलेल्या बायका, निम्म्या ग्रुपातल्या, निम्म्या शेजारच्या. वाण काय दिलं असेल? पळायचे मोजे! प्रत्येकीला एक जोडी. बायका नुसत्या खूश. मयूरीबाईंनी तर तिथंच पायात घालून पाहिले. आणि मी स्टीलच्या वाट्या आणून ठेवल्यात! आता त्या वाटताना काय तोंड होईल माझं?

मला देताना तिनं जोडी बदलली. आतून दुसरी, जांभळी आणली. "ह्यी तुमच्यासाटी ठिवलेली, ताई." वाकून पाया पडली. मी "अगं असू दे" म्हणाले आणि मनात म्हणाले, नाटकी!

१५ जानेवारी, बुधवार

मोजे कपाटात टाकले. घालणार नाही. मऊ आहेत मात्र.

१६ जानेवारी, गुरुवार

मळी. उसाची नवी लागण झालीय पट्टीच्या कडेपर्यंत. सऱ्यांत पाणी सोडलेलं, माती लोण्यासारखी. जपून पळावं लागतं, पाय घसरला की थेट कांड्यांवर. म्हातारीनं हात केला.

इथं आलं की कुणाचा राग येत नाही. पूल ओलांडून परत आले की येतो.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या दौड. 'गुडघा दुखतोय' सांगून पळायचं टाळलं. त्यांनी मारुतीपाशी पाण्याचं टेबल दिलं मला. ग्लास भरा मॅडम!

संध्याकाळी नानासोंच्या जीपमधून रस्त्यावर चुन्याच्या फक्कीचे बाण टाकायला गेलो. राजनंदिनी मेडल आणायला साताऱ्याला. दरवर्षी बाण मी काढते, यंदा नानासोंनी पिशवी सोडलीच नाही. मारुतीपाशी त्यांनी उजवीकडचा मोठा बाण काढला — कुठं? तर कोपऱ्यावरच्या घराच्या अंगणातच! पांढराशुभ्र, ऐसपैस. डावीकडं आळीच्या तोंडाला फुली मारली, तीही दुसऱ्या घराच्या दारातच.

अहो, सकाळी बायका झाडणार, शेणाचा सडा घालणार, रांगोळी काढणार! मी दरवर्षी आदल्या दिवशी त्या घरांत जाऊन सांगून येते — वहिनी, उद्या तेवढा कोपरा सोडा. नाहीतर पलीकडं देवळाच्या कट्ट्यावर बाण काढते. जन्मभर बराकीत राहिलेल्या माणसाला सडा कुठून आठवणार?

सांगायला तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात नानासो फक्कीचे हात झटकत म्हणाले, "राजनंदिनीचा रस्ता कसा एकदम शिस्तीत हाय, न्हाई का?"

मी तोंड मिटलं.

१९ जानेवारी, रविवार

झालं तसंच.

टेबल मांडत होते तेव्हाच कोपऱ्यावरची बाई बादली घेऊन बाहेर आली. बाण गेला. समोरच्या दारातली फुली गेली. त्यावर कमळाची रांगोळी आली. कोपऱ्यावरची मला म्हणाली, "पळनारी येनार व्हय आज? मग जरा मोटी काढते." मी मान डोलावली. अजूनही वेळ होता. टेबलाखाली नानासोंच्या पिशवीत उरलेली फक्की होती.

पहिले पळणारे आले ते रांगोळीपाशी घुटमळले. एक उंच पोरगा माझ्याकडं बघून ओरडला, "मॅडम, कुटं?" मी ग्लास भरत होते. भरतच राहिले. ऐकू आलं नाही असं दाखवलं. तो रुंद आळी बघून डावीकडं गेला. त्याच्या मागं दुसरा, मग झुंडच्या झुंड.

माझ्या वाटेवर! हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? चुकतील, फजिती होईल, राजनंदिनीचं नाक कापलं जाईल — एवढंच दिसत होतं मला. डावीकडं काय आहे हे सगळ्या वाईत मला एकटीला माहीत, आणि मीच विसरले!

धावत सुटले त्यांच्या मागं, "अरे थांबा!" म्हणत. कोण थांबतंय. सगळे खाली उतरलेसुद्धा होते.

रात्री. फजिती वगैरे काही झाली नाही. सगळे वरच्या पुलापाशी नीट बाहेर पडले आणि वेडे झाले आनंदानं. "काय रस्ता काढलाय! अशी नदी उभ्या जन्मात बघितली न्हवती!" नानासोंनी माईकवरून सांगितलं — राजनंदिनीनं शेवटपर्यंत गुपित ठेवलं, वाट न्हाई म्हनली आन् काय वाट दावली! टाळ्या. ती स्टेजवर पांढरीफटक. माईक हातात घेऊन एवढंच म्हणाली, "चूक झाली माजी. माफ करा." लोकांना वाटलं विनय. अजून टाळ्या!

खाली उतरल्यावर माझ्याकडं आली. काहीतरी बोलायचं होतं तिला. मी पाण्याचे रिकामे जार गोळा करायला गेले.

२० जानेवारी, सोमवार

व्हॉट्सॲप उघडवत नाही. नुसते मळीचे फोटो. माझे बगळे, माझं धुकं. शंभूराज मेडिकलवाल्यानं नाव ठेवलंय — 'राजनंदिनी रूट'. खाली अंगठेच अंगठे.

हिनं माझा रविवार घेतला, माझी दौड घेतली, आता माझा गुरुवारही! मीच दिला म्हणा. पण नाव तिचं लागलं ना! रडले थोडी. अनंतला सांगितलं, कांदा.

२१ जानेवारी, मंगळवार

तिचे तीन फोन. उचलले नाहीत. ग्रुप सोडून गेलीय म्हणे. आता कशाला गेली? सगळं मिळालं की!

२३ जानेवारी, गुरुवार

धुतलेले मोजे वाळले नव्हते, म्हणून तिचे जांभळे घालून मळीत गेले. वाट नाही. ओढ्यापासून वरच्या पुलापर्यंत पट्टी नांगरलेली.

म्हातारी बांधावर बसली होती. आज हात वर केला नाही.

"गुरवारच्या बाई, आता हिकडनं न्हाई जायाचं," म्हणाली. "लय मानसांनी लागन तुडीवली. आमच्या मालकांनी नांगर घातला. आवं, ही पट्टी येका तुमच्यापायी ठिवली व्हती. आमची सून आडून बसायची — आत्ती, त्या बाई पळत्यात, तेवडी सोडा. तुमचं बगूनच पळाया लागली ती. कुनाला दावायची न्हाई म्हनायची, त्येंची हाय ती वाट."

मी सुनेचं नाव विचारलं नाही. पायांतल्या मोज्यांकडं बघत उभी राहिले.

"मालक लय बोलले तिला. कुनी धाडली मानसं हिकडं, सांग म्हनले. तर म्हनती, कुनी न्हाई, मीच."