बाबांची थाप

३ फेब्रुवारी, सोमवार

एकोणसाठ! मागच्या वेळी सहासष्ट होते. शाळेत एकोणसाठ टक्क्यांना कुणी रडलं नसतं. इथे मोठे डॉक्टर चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

दर तीन महिन्यांनी त्या नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि छातीत किती दम आहे त्याचे टक्के घेऊन घरी यायचं — ही माझी एकमेव परीक्षा, जिच्यात कॉपी करता येत नाही.

मग मला आणि बाबांना शेजारच्या खोलीत नव्या फिजिओबाईंकडे पाठवलं. माझ्यापेक्षा लहानच असेल. तिने विचारलं, "घरी छाती कोण मोकळी करून देतं?" बाबांनी हात वर केला. खरोखर वर केला, वर्गातल्यासारखा!

करतातच ते. सगळ्यांचा कफ पातळ असतो, माझा डिंक आहे. सिस्टिक फायब्रोसिस, जन्मासोबत आलेला. रोज सकाळ-संध्याकाळ तो डिंक उखडून बाहेर काढला नाही तर आत ठाण मांडतो आणि मग तिथे जंतूंची वस्ती. म्हणून मी दोन वर्षांची असल्यापासून बाबा मला कुशीवर निजवतात आणि हाताचा पोकळ द्रोण करून पाठीवर, बरगड्यांवर थापा मारतात. वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी. पंचवीस वर्षं! आमच्या घरात थापा मारणं वाईट समजत नाहीत.

फिजिओबाई म्हणाली, "काका, थापांमध्ये चूक काही नाही. पण त्या दुसऱ्याच्या हातात असतात. हिचं हिला यायला हवं."

बाबा भडकले. "म्हणजे इतकी वर्षं मी काय उश्या झोडत होतो?"

(ते सोफे आणि गाद्या भरतात. रोज उश्याच झोडतात.)

बाहेर पडताना तिला ऐकू जाईल अशा आवाजात — "कालची पोर!"

५ फेब्रुवारी, बुधवार

नव्या पद्धतीचा पहिला धडा. बाबा आले नाहीत, रुसलेत.

आधी खाऱ्या पाण्याची वाफ, ती मी घेतेच. मग खांदे सैल सोडून साधा श्वास. मग खोल श्वास — तीन मोजेपर्यंत आत धरायचा. असं तीन-चारदा. पुन्हा साधा. आणि मग तोंडाचा 'हा' करून आरशावर वाफ धरतो तसा सगळा श्वास बाहेर. खोकायचं नाही! आधी लांब, हळू — खोलवरचा कफ वर सरकवायला. तो वर आला की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरात. मग एकच खोकला. मग पुन्हा पहिल्यापासून.

मी सत्तावीस वर्षं श्वास घेतेय आणि आज कळलं, चुकीचा घेतेय.

बाई तोंडाने फुंकून दाखवते तेव्हा तिच्या कपाळावरची बट उडते. नाव ठेवलं — फुंकरबाई.

घरी येऊन करून दाखवलं. आई म्हणाली, "बघू या की." बाबा म्हणाले, "हे तर गरम चहावर फुंकर मारल्यासारखं झालं. याने डिंक निघणार?" डिंक निघाला नाही. चक्कर आली. संध्याकाळी निमूट पलंगावर आडवी झाले. बाबा विजयी! थापा मात्र बेताच्याच. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी पुन्हा तक्रार केली असणार — "रोज दोन वेळा काय कुटता हो?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

बसस्थानकात आज साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, कालचं प्रकरण. काल माइकचं बटण बंद करायला विसरले आणि फलाट चारवर गाडी लागल्याची सूचना संपताच अख्ख्या स्थानकाने माझा खोकला ऐकला. पहिल्यापासून शेवटपर्यंत! एक चालक खाली उतरून इंजिन बघायला लागला म्हणे.

पण साहेब म्हणाले, मुख्य कार्यालयाने माझा आवाज निवडलाय. सगळ्या स्थानकांसाठी सूचना ध्वनिमुद्रित करायच्या. सहा महिने तिकडे राहायचं, एक मेपासून. "तुमचा आवाज फार स्वच्छ आहे हो."

स्वच्छ! आतला माल बघितला नाही त्यांनी.

घरी सांगितलं. आईने आधी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "तिकडे थापा कोण मारणार?"

"मीच माझं करेन."

"तू? चार दिवसांत फोन करशील. बाबा, या म्हणून."

"नाही करणार!"

"लिहून देतेस?"

दिलं लिहून. रागाच्या भरात बसच्या वेळापत्रकाच्या मागे. सहीसकट.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून बाबांच्या थापा बंद. मीच बंद केल्या. त्यांनी हात झटकले — "सुटलो!"

२० फेब्रुवारी, गुरुवार

फुंकरबाईने एक यंत्र दिलंय. मुठीएवढं, आत एक गोळी. त्यात फुंकलं की गोळी थरथरते, ती थरथर छातीपर्यंत जाते आणि कफ भिंतींपासून सुटतो. घरात त्याला पिपाणी म्हणतात. बाबांनी ठेवलेलं नाव, अर्थातच.

मी दार लावून करते. ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि धावतं वर्णन चालू —

"हे काय, मांजर शिंकलं का?"

"अगं, ती वाफ आरशापर्यंत तरी जाईल का?"

"एवढ्यात संपलं? माझी वीस मिनिटं व्हायची!"

मी दात-ओठ खाऊन आणखी दोन फेऱ्या करते. त्यांना दाखवायला. आज भांड्यात बऱ्यापैकी काही पडलं — हिरवट, घट्ट. दार उघडून भांडं त्यांच्या नाकासमोर धरलं. म्हणाले, "उजव्या बाजूचं राहिलंय. श्वास घरघरतोय."

ऐकू येतं त्यांना, दाराआडून! चीड आली. दार लावलं. उजव्या कुशीचं पुन्हा केलं. होतं आत, खरंच होतं.

२ मार्च, रविवार

अठरा दिवस झाले. एकदाही हाक मारली नाही. आई म्हणते, "दोघं एका मातीचे." कौतुक नव्हतं ते.

९ मार्च, रविवार

ताप. काल दुपारपासून. छातीत सिमेंट ओतल्यासारखं.

डॉक्टरांनी फोनवर प्रतिजैविक बदलून दिलं आणि बजावलं — छाती मोकळी करणं दुप्पट करा, चारदा. एकदा करायला अंगात त्राण नाही! सकाळी पिपाणी तोंडाला लावली तर गोळी हललीसुद्धा नाही. बसल्या जागी रडू आलं, आणि रडायलाही श्वास लागतो हे लक्षात आलं.

शेवटी हाक मारली. "बाबा, या."

मान, अभिमान, वेळापत्रकामागची सही — सगळं गेलं खड्ड्यात. मला तो हात हवा होता पाठीवर, बास.

ते दारात आले. उंबऱ्यावरच थांबले. हात पाठीमागे बांधलेले. म्हणाले, "का? एकटीला जमतं ना तुला?"

मला वाटलं, चेष्टा. मी कुशीवर वळलेसुद्धा, पाठ त्यांच्याकडे करून. वाट बघितली. थाप नाही. वळून पाहिलं तर दारात कुणी नाही.

आई ओरडली त्यांच्यावर. "दगड आहात! लेक आहे ती!" त्यांचा आवाज आला — "लिहून दिलंय तिने."

मग केलं मी. कसं केलं देव जाणे. उशीला टेकून, साधा श्वास, साधा श्वास, एक खोल, धरता येईना, सोडला, पुन्हा. फुंकरबाई म्हणाली होती — दम नसेल तेव्हा जोर लावायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या. लांब 'हा'. परत लांब. पाऊण तासाने काहीतरी सुटलं आणि वर यायला लागलं, आणि मी घाई केली नाही. पहिल्यांदाच घाई केली नाही. भांड्याचा तळ झाकला गेला.

अशा चार फेऱ्या झाल्या दिवसभरात. आई म्हणाली, बाबा सकाळपासून जेवले नाहीत.

मी म्हटलं, छान.

१५ मार्च, शनिवार

ताप गेला. बाबांशी बोलत नाही. तेही नाहीत. जेवताना मीठ आईमार्फत मागतो.

२४ मार्च, सोमवार

कामावर परत. फलाट दोनची गाडी फलाट सातला लावली — म्हणजे माइकवरून. पन्नास माणसं सामानासकट धावली. माझ्या शब्दाला एवढं वजन आहे हे घरी कुणाला माहीत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

पासष्ट!

एकोणसाठवरून पासष्ट, आणि मध्ये एवढं दुखणं होऊन. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला नाही. जायला परवानगी दिली. तिकडच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं, फाइल इथून ते पाठवतील.

फुंकरबाईने माझा हात धरून हलवला. मग बाबांकडे वळून म्हणाली, "काका, अभिनंदन."

बाबा म्हणाले, "माझं कसलं? तुमची विद्यार्थिनी." तोंड कडू केलेलं. बाई हसली आणि घाईघाईने कागदात डोकं घातलं. मला तिची दया आली. किती लागेल असं बोलतात!

परतीच्या वाटेवर बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "हरलात."

"हं."

एवढंच.

३० एप्रिल, बुधवार

बॅग भरली. वाफेचं यंत्र, पिपाणी, जेवणाआधीच्या गोळ्यांचे डबे, आणि उरलेल्या जागेत थोडे कपडे.

बाबा बॅग उचलायला आले. उजव्या हाताने धरली, ठेवली, डाव्या हाताने उचलली. आई म्हणाली, "राहू दे, ती नेईल." ते म्हणाले, "बॅग तरी नेऊ दे मला." मला खोकला आला. कफ असणार.

निघताना पाठीवर हात ठेवला त्यांनी. थोपटला नाही, नुसता ठेवला. मग म्हणाले, "डावीकडे खाली आहे थोडं. आज नीट कर."

वाद घालायला वेळ नव्हता.

५ मे, सोमवार

नवी खोली. एक पलंग, एक आरसा, एक खिडकी, तिच्याबाहेर दुसऱ्याची भिंत. पहिल्या सकाळी चाळीस मिनिटं केलं. दाराबाहेर कुणी काही बोललं नाही. फार विचित्र वाटलं. मध्येच थांबून ऐकलंसुद्धा.

११ जून, बुधवार

दिवसभर बंद खोलीत एकच वाक्य. "कृपया लक्ष द्या." एकशे बारा वेळा. यंत्रवाला म्हणतो, श्वास ऐकू येतो, जरा कमी घ्या. म्हटलं, तेवढं सोडून काहीही सांगा.

सकाळचं केलं की दुपारपर्यंत आवाज स्वच्छ राहतो. आता घड्याळ बघत नाही. छातीच सांगते, झालं. बाबांचा रविवारी फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला — "हरलीस का?"

११ जुलै, शुक्रवार

इथल्या दवाखान्यात पहिली तपासणी. सदुसष्ट. कारकुनाने माझी जुनी फाइल हातात दिली, तीन नंबरच्या खोलीत न्या म्हणाला. रांग मोठी होती. चाळली.

फुंकरबाईचं अक्षर. २७ जानेवारी — म्हणजे मी तिला भेटले त्याच्या आठवडाभर आधी.

"रुग्णाचे वडील एकटेच आले. उजव्या हातातली ताकद जात चालली आहे. नसांचा आजार, वाढत जाणारा. तपासण्या झालेल्या आहेत. घरी सांगितलेलं नाही, सांगायचं नाही असा आग्रह. त्यांची विनंती, त्यांच्याच शब्दांत — मुलीला स्वतःची छाती स्वतः मोकळी करायला शिकवा. मी कडाडून विरोध करेन, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी 'कर' म्हटलं की ती करत नाही."

त्याखाली, वेगळ्या शाईत — "९ मार्च. वडिलांचा फोन. मुलीला ताप, हाक मारते आहे, माझा हात उचलला जात नाही, काय करू, असं विचारलं. दाराबाहेर थांबा, असं मी सांगितलं. पाऊण तास फोन चालू ठेवला. वडील रडत होते."

१३ जुलै, रविवार

फोन आला. "हरलीस का?"

म्हटलं, "तुमच्याशिवाय उत्तम चाललंय."

मग म्हणाले, "बरं झालं."