अर्धा फेरा

वेस्ट फोर्क, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर १९९८

प्रिय एल्मर,

तू आणि आयरीन बरे असाल. मी बरी आहे. जेवते, झोपते. मक्याची कापणी संपली, थंडी पडायला लागली. आयरीनने भाजून पाठवलेल्या खसखशीच्या गोड कोलाची पोचल्या. जरा करपल्या होत्या, पण खाल्ल्या. माझं लिहिणं कसं आहे ते तुला माहीत आहे, चुका काढत बसू नकोस.

शनिवारी तू तुझ्या आणि लुमिरच्या वडलांची गाडी न्यायला येणार. ट्रेलर आणू नकोस. गाडी चालू आहे. आज सकाळी मीच चालू केली.

तू म्हणशील, वहिनी, तुला हे कधीपासून जमायला लागलं? अरे, तीस वर्षं तुझ्या भावाच्या शेडमध्ये मी काय भिंतीला टेकून उभी होते? पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला की भोकावर बोट धरायला मीच. तो इंजिन फिरवत विचारायचा, "बर्नी, वारा आला का?" "नाही." "आता?" "आला, आला, थांब की मेल्या!"

तू जन्मभर बूट विकलेस, म्हणून सांगते. डिस्ट्रिब्युटर प्रत्येक प्लगला त्याच्या वेळेवर ठिणगी देतो. इंजिनच्या चाकावरची खूण दोनदा समोर येते, एकदा खऱ्या वेळी, एकदा फुकट. दिसते दोन्ही वेळा सारखीच. बोटाखालून हवेने जोर केला तरच ती खरी. फुकटच्या वेळी बसवलास तर वरून सगळं जागच्या जागी दिसतं, आणि इंजिन नुसतं खोकतं, आग थुंकतं, चालू होत नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, तेव्हा तू गॅरेजवाल्यांना म्हणालास, "शेवटी शेवटी लुमिरला साधा डिस्ट्रिब्युटर बसवता येत नव्हता हो." त्यांनी माना हलवल्या. मी बटाट्याचं सॅलड वाढत होते. वाढत राहिले.

ते खरं नाही.

मार्चमध्ये तो गाडी घेऊन गेला आणि साठ मैलांवर सापडला. पेट्रोल संपलं होतं, असं मी तुला कळवलं. गाडी रेल्वेच्या रुळांवर उभी होती, ते कळवलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता गाडी बंद. मी किल्ली लपवली, त्याने तारा जोडून चालू केली. एखादा भाग काढून लपवला असता तर त्याने मलाच धरलं असतं, आणि भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. शेजारचा व्हर्न त्याला केस कापायला घेऊन गेला, तेव्हा मी डिस्ट्रिब्युटर उचलला, अर्धा फेरा फिरवला, परत खाली बसवला. बोल्ट आवळला. हात पुसले.

दुसऱ्या दिवशी त्याने शोधून काढलं. नीट वाच, एल्मर. शोधून काढलं. नातवंडांची नावं आठवत नव्हती, पण प्लग काढला, स्वतःच बोट धरलं, आणि दुपारी गाडी गुरगुरत होती. मी पुन्हा फिरवला. त्याने पुन्हा नीट केला. असं चार वेळा. चारही वेळा त्याचं बरोबर होतं.

पाचव्यांदा मी फिरवला, तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. हात तसेच तेलकट. म्हणाला, "बर्नी, मी काल हा नीट बसवला होता. मला आठवतंय."

मी भांडी घासत होते. म्हटलं, "बसवला असशील. नीट नसेल."

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "म्हणजे मला आठवतं तेच खोटं आहे."

त्यानंतर तो शेडमध्ये गेला नाही. त्या रविवारी त्याने तुला फोन केला, आपल्या हातातलं कसब गेलं म्हणून. मी शेजारी बसून ऐकत होते. मग सगळा उन्हाळा खुर्चीत, आणि सप्टेंबरात गेला.

आज डिस्ट्रिब्युटर परत नीट बसवायला मला तीनदा करावं लागलं. खालचे दात तिरके, आत उतरताना दांडा थोडा वळतो, तेवढा आधीच मागे धरायचा हे मी विसरले होते. पंख्याचा पट्टा ओढून ओढून इंजिन फिरवलं, बोट माझंच, विचारायला कोणी नाही. चालू झाल्यावर आवाज सरळ येईपर्यंत केसाएवढा केसाएवढा फिरवला. मग आत बसले. वाटलं होतं रडू येईल. काहीच आलं नाही. लाकडावर हात ठेवावा तसं. गाडी बंद केली आणि कपडे वाळत घातले.

गाडी बंद पाडली याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हाही पाडेन. पण तो विचारायला आला होता. "तुझं बरोबर होतं, मी फिरवला," एवढंच म्हणायचं होतं. तो चिडला असता. मला त्या दिवशी चिडलेला नवरा नको होता, बस.

शनिवारी आधी गॅरेजवर जा. तळघरात ज्यांनी माना हलवल्या त्यांना हे पत्र वाचून दाखव, माझ्या नावासकट, काही न गाळता. लुमिर कुचेराला डिस्ट्रिब्युटर शेवटपर्यंत बसवता येत होता. मग इकडे ये. गाडी शेडमध्ये असेल, मी घरात असेन. आत यायचं की नुसती गाडी घेऊन जायचं, ते तू बघ.

तुझी वहिनी, अजून म्हणणार असलास तर,
बर्नीस