फोन फ्रिजवर ठेवलाय

आईसाहेब,

माझा फोन मुद्दाम फ्रिजवर ठेवलाय. लावत बसू नकोस, फ्रिजच वाजेल! मी बसने चिमणीच्या नव्या घरी चाललेय. हो, पार नदीपलीकडे, एकटी. वाट चुकले तर विचारत विचारत जाईन, तोंड आहे ना मला!

काल स्टॉपवर तिचा दादा भेटला. म्हणाला, "बाबा घर सोडून गेल्यापासून ती खोलीबाहेरच येत नाही. तुला बोलली नाही?" नाही ना बोलली! माझ्या पाचकळ विनोदांवर रोज "हाहाहा" पाठवत होती, आणि मी इकडे खूश, काय भारी हसवते मी हिला! आई, चिमणी हाहाहा करून हसतच नाही गं. तिला हसू आलं की उचकी लागते. एका बाकावर बसायचो तेव्हा पाण्याची बाटली मीच धरायचे तिच्यासमोर. हे मी विसरलेच कशी?

आज विनोद वगैरे काही नाही. नुसती शेजारी बसेन. बाटली घेतलीय, लागली तर लागली.

भांडी घासून ठेवलीत, चिडू नकोस.

आणि मावशीकडे कधी जायचं? काल तू तिला "इकडे सगळं मजेत" असं लिहीत होतीस आणि ओढणीने डोळे पुसत होतीस, तेव्हा मी दारातच उभी होते. संध्याकाळी आले की दोघी जाऊ. तुझाही फोन फ्रिजवर ठेव.

तुझी बडबडी